जीप: तक्रारी इतक्या, तरी गाडी कुणी विकत का नाही?

अमेरिकेत गाड्यांच्या भरवशाच्या याद्या दरवर्षी निघतात. हजारो मालकांना विचारलेलं असतं: गेल्या वर्षात काय बिघडलं, किती वेळा गॅरेजला न्यावी लागली. या याद्यांमध्ये जीप हा ब्रँड बहुतेक वेळा तळाशी असतो. आणि त्याच देशात कोणती गाडी जुनी झाली तरी किंमत धरून ठेवते याची यादी काढली, की पहिल्या काही नावांत जीप रँग्लर हमखास सापडते. म्हणजे जी गाडी त्रास देते असं तिचेच मालक सांगतात, तीच गाडी सेकंडहँड घ्यायला लोक चांगले पैसे मोजायला तयार असतात.

जीपवाल्याशी दहा मिनिटं बोललं तरी हीच गंमत ऐकायला मिळते. पाणी गळतं, हायवेवर कान बधिर होतात, स्टिअरिंग सारखं सांभाळावं लागतं. बरं, मग विकणार का? छे!

याला नुसता वेडेपणा म्हणून सोडून देणं मला पटत नाही. जीपच्या बऱ्याचशा तक्रारी आणि तिचे गुण एकाच मुळातून आले आहेत. एक ठेवून दुसरं काढता येत नाही. काही तक्रारींना मात्र ही सबब लागू होत नाही. तिथे कंपनी सरळसरळ चुकली आहे आणि गाडीवरच्या प्रेमापोटी ते झाकायचं काही कारण नाही. हा फरक कळला की मालकांच्या मतांचा अर्थ लागतो. त्यासाठी आधी ही गाडी कशी जन्मली ते पाहू.

बटलर गावची गाडी

१९४० चा जुलै. फ्रान्स नुकताच जर्मनीपुढे पडला होता. अमेरिका अजून युद्धात नव्हती, पण सैन्याची तयारी सुरू झाली होती. टेहळणीसाठी त्यांच्याकडे मोटरसायकली आणि साइडकार होत्या, काही ठिकाणी घोडेही होते. सैन्याने १३५ कंपन्यांना पत्रं पाठवून एक हलकी गाडी मागितली. चारही चाकांना इंजिनची ताकद हवी, समोरची काच आडवी पडायला हवी, वजन फक्त १३०० पौंड, म्हणजे ५९० किलो. आणि नमुना गाडी ४९ दिवसांत दारात उभी हवी.

मोठ्या कंपन्यांनी या मुदतीकडे पाहून हात वर केले. पुढे आली ती बँटम, पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची छोटी मोटार बनवणारी, डबघाईला आलेली कंपनी. तिच्याकडे धड अभियंतेही उरले नव्हते. तिने डेट्रॉइटहून कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला बोलावलं आणि त्याने दोन-तीन दिवसांत गाडीचे आराखडे काढून दिले. बाजारात तयार मिळणारे जेवढे सुटे भाग वापरता येतील तेवढे वापरून, उरलेले हाताने घडवून गाडी उभी राहिली. २३ सप्टेंबर १९४० ला, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, ती रस्त्याने चालवतच मेरीलँडमधल्या कँप होलाबर्ड या लष्करी तळावर नेली. ती वेळेत पोचली आणि सैन्याला आवडली.

यानंतर जे झालं ते मला आजही अन्यायाचं वाटतं. बँटम छोटी कंपनी आहे, हजारोंनी गाड्या तिला जमणार नाहीत, असं सैन्याचं म्हणणं होतं, आणि ते चुकीचंही नव्हतं. पण बँटमची गाडी आणि तिचे आराखडे विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कंपन्यांना पाहायला दिले गेले. दोघांनी आपापले नमुने आणले. विलीजचं इंजिन ६० अश्वशक्तीचं होतं, तिघांत सगळ्यात दमदार. वजनाची मूळ अट कुणालाच पाळता आली नव्हती. ती वाढवत २१६० पौंडांवर, म्हणजे ९८० किलोवर नेली आणि विलीजने एकेक बोल्टचं वजन कमी करत त्यात गाडी बसवली. मोठं काम विलीजला मिळालं, जोडीला फोर्डला. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. बँटमच्या वाट्याला सुमारे २७०० आल्या, आणि मग ती कंपनी जीपच्या मागे जोडायचे ट्रेलर बनवत बसली.

पुढे विलीजने जाहिराती सुरू केल्या की जीप आम्हीच निर्माण केली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९४३ मध्ये त्यावर तक्रार दाखल केली आणि १९४८ मध्ये असा दावा करायला विलीजला मनाई केली. पण १९५० मध्ये ‘जीप’ हे नाव नोंदणीकृत झालं ते विलीजच्याच मालकीचं म्हणून. बटलर गावात आता दरवर्षी बँटमच्या आठवणीत जीपांचा मेळा भरतो. गावाने लक्षात ठेवलं, ही चांगली गोष्ट आहे.

या लष्करी जीपची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. आजच्या रँग्लरच्या स्वभावाची बीजं तिथेच दिसतात. हेडलाइट एका बिजागरीवर बसवलेला होता. पाकळीचा नट हाताने सैल केला की दिवा उलटा मागे फिरायचा आणि उजेड इंजिनवर पडायचा; रात्री दुरुस्तीला वेगळी बॅटरी नको. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. पेट्रोल भरायचं तर ड्रायव्हरने उतरायचं आणि सीट उचलायची. बाजूला धरायला कड्या, गाडी रुतली तर माणसांनी धरून उचलायची. पुढचे मडगार्ड सपाट, त्यावर नकाशा पसरायचा किंवा जेवायचं. दारं नाहीत. टप म्हणजे कॅनव्हास. यातल्या एकाही गोष्टीत माणसाच्या आरामाचा विचार नाही. विचार आहे तो दोनच गोष्टींचा: अडकू नये, आणि बिघडली तर जागेवर दुरुस्त व्हावी.

दर वेळी नवा धनी

१९४५ मध्ये विलीजने सीजे-२ए ही नागरी जीप काढली. गिऱ्हाईक होता शेतकरी. मागे उघडणारी फळी आली, स्टेपनी बाजूला गेली, हेडलाइट मोठे झाले आणि पुढच्या जाळीतल्या नऊ फटींच्या सात झाल्या. त्या सात फटी आजतागायत आहेत.

त्यानंतर कंपनी हातोहात फिरत राहिली. १९५३ मध्ये ती कायझरने घेतली. १९७० मध्ये अमेरिकन मोटर्सने, म्हणजे एएमसीने घेतली. तिच्यात पुढे फ्रान्सच्या रेनोने भागीदारी केली. १९८७ मध्ये क्रायस्लरचे ली आयकोका यांनी एएमसी विकत घेतली, आणि त्यांचा डोळा मुख्यतः जीपवर होता. १९९८ मध्ये क्रायस्लर जर्मनीच्या डाइमलर-बेंझमध्ये विलीन झाली. २००७ मध्ये सर्बेरस या गुंतवणूक कंपनीकडे गेली, २००९ मध्ये दिवाळखोरीत सापडली आणि इटलीच्या फियाटने तिचा ताबा घेतला. २०२१ पासून ती स्टेलँटिसमध्ये आहे.

एवढे धनी झाले आणि त्यातले बरेचसे स्वतःच अडचणीत आले. पण विकायची वेळ आली की घेणाऱ्याला जीप हवीच असायची. प्रत्येक धन्याने तिच्यात काहीतरी भरही घातली. कायझरच्या काळात वॅगनिअर आली, घरातल्या सगळ्यांनी बसायची मोठी चारचाकी-ताकदीची गाडी. १९६३ चं ते मॉडेल १९९१ पर्यंत बनत होतं. एएमसीने चेरोकी दिली, तिच्याबद्दल पुढे बोलू. क्रायस्लरने ग्रँड चेरोकी. फियाटने रेनेगेड आणि नवी कंपास, दोन्ही मोटारीच्या सांगाड्यावर बांधलेल्या. म्हणून ‘जीप कशी आहे?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. आधी विचारावं लागतं, कोणती जीप?

ज्या जीपवर लोक जीव टाकतात आणि जिच्याबद्दल सर्वांत जास्त कुरकुर करतात, ती रँग्लर. लष्करी जीपची सरळ वारस. १९८६ मध्ये ती जुन्या सीजे मालिकेची जागा घ्यायला आली तेव्हा तिचे हेडलाइट चौकोनी होते. बाकी गाडी बरी होती, पण जुने जीपवाले चिडले ते चिडलेच. ‘खऱ्या जीपचे दिवे गोल असतात’ अशी वाक्यं लोक गाडीच्या मागे चिकटवून फिरत. दहा वर्षांनी, १९९६ मध्ये नवीन रँग्लर आली तेव्हा दिवे पुन्हा गोल झाले होते. मालकांचं मत एखाद्या गाडीच्या चेहऱ्यावर इतकं उघड उमटलेलं उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

अखंड ॲक्सल म्हणजे काय, आणि त्याची किंमत काय

आता मुद्द्याचं. रँग्लरच्या खाली वाकून पाहिलं तर पुढच्या दोन चाकांना जोडणारी एक जाड, अखंड लोखंडी नळी दिसते. मागेही तशीच. हे सॉलिड ॲक्सल. आपण रोज वापरतो त्या मोटारींमध्ये पुढचं प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली होतं. डावं चाक खड्ड्यात गेलं तर उजव्याला पत्ता लागत नाही. रँग्लरमध्ये दोन्ही चाकं एकाच दांड्याच्या टोकांना आहेत. खांद्यावरच्या कावडीसारखं हे काम चालतं: एक टोक वर गेलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं.

दगडाधोंड्यांत याचा केवढा फायदा होतो पाहा. डावं चाक मोठ्या दगडावर चढलं की उजवं चाक जमिनीकडे दाबलं जातं आणि त्याची पकड सुटत नाही. शिवाय ॲक्सलच्या मधला सर्वांत खाली लोंबणारा भाग, डिफरन्शियलचा गोळा, जमिनीपासून नेहमी ठरावीक उंचीवर राहतो. स्वतंत्र सस्पेन्शनची गाडी खाली बसली की तिचं पोटही खाली येतं आणि दगडाला लागतं.

जोडीला लो गिअर असतो. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाचा आणखी एक डबा असतो. त्याचा लिव्हर ‘४एल’ वर ओढला की साध्या रँग्लरमध्ये २.७२ पट आणि रुबिकॉन मॉडेलमध्ये ४ पट जास्त जोर चाकांना मिळतो. वेग तेवढाच कमी होतो. माणूस चालतो त्याहूनही हळू, पाय ॲक्सिलरेटरवर न ठेवता गाडी दगड चढत जाते. रुबिकॉन हे नाव कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगरातल्या ज्या वाटेवरून आलं आहे, तिथे १९५३ पासून जीपांच्या सहली निघतात. तिथे वेगाला काही किंमत नाही.

हाच अखंड ॲक्सल डांबरी रस्त्यावर आला की चित्र पालटतं. एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्याला जातो. ॲक्सल जड, त्यामुळे खड्ड्यावरून गेल्यावर तो लगेच शांत होत नाही. सरळ रस्त्यावरसुद्धा स्टिअरिंग थोडं इकडे, थोडं तिकडे करत राहावं लागतं. नवीन मालक पहिल्या आठवड्यात म्हणतो, गाडी सरळ जात नाही. सहा महिन्यांनी तोच म्हणतो, सवय झाली. गाडी आहे तशीच असते, हात शिकलेले असतात.

सर्वांत भीतीदायक तक्रार आहे ती ‘डेथ वॉबल’ची. ताशी ८०-९० किलोमीटरच्या वेगात पुलाचा सांधा किंवा छोटा खड्डा लागतो, आणि पुढची दोन्ही चाकं डावी-उजवीकडे इतक्या जोरात थडथडायला लागतात की स्टिअरिंग हातात राहत नाही, डॅशबोर्ड हलतो, समोरचं धड दिसत नाही. ज्याने पहिल्यांदा अनुभवलं त्याला वाटतं चाक निखळलं. वेग हळूहळू कमी केला की थांबतं. करकचून ब्रेक दाबायचा नसतो.

हे का होतं? पुढचा ॲक्सल चॅसीखाली जागेवर धरून ठेवायला एक आडवा दांडा असतो, ट्रॅक बार. त्याच्या टोकाचं रबरी बुश झिजलं, बोल्ट जरासा सैल राहिला, बॉल जॉइंटमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला, टायरचं बॅलन्सिंग बिघडलं, की ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकायला किंचित मोकळीक मिळते. धक्का बसला की ती मोकळीक एका चाकाकडून दुसऱ्याकडे आणि परत अशी फिरत वाढत जाते. मध्ये शोषून घेणारं काही नसतं, कारण दोन्ही चाकं एकाच दांड्यावर. त्यात मालकाने गाडी उंच करून घेतली असेल आणि मोठे टायर लावले असतील, तर पुढच्या चाकांचे कोन बदललेले असतात आणि शक्यता आणखी वाढते. पुष्कळ जण उपाय म्हणून स्टिअरिंगचा डॅम्पर, म्हणजे शॉकअबसारखा छोटा दट्ट्या, बदलून घेतात. त्याने थडथड दबते, पण झिजलेला भाग झिजलेलाच राहतो.

मात्र ही सगळी जबाबदारी मालकाच्या माथी मारता येत नाही. २०१८ च्या नव्या पिढीच्या रँग्लरमध्ये कंपनीतून आहे तशा, हात न लावलेल्या गाड्यांनाही हा त्रास झाला आणि २०१९ मध्ये कंपनीला नवा डॅम्पर बसवून द्यावा लागला. अखंड ॲक्सल असला की काळजी जास्त घ्यावी लागते, हे गिऱ्हाईक मान्य करतं. नव्या गाडीत ती काळजी कंपनीने घेतलेली असावी, एवढी अपेक्षा रास्त आहे.

आणखी एक नेहमीची तक्रार खरं तर तक्रारच नाही. कोरड्या रस्त्यावर ‘४एच’, म्हणजे लो गिअरशिवायची चारही चाकांची ताकद, लावून वळलं की गाडी अडखळते, कुणीतरी मागून धरल्यासारखी वाटते. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. रँग्लरच्या साध्या फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना जखडले जातात, त्यामुळे हा फरक जिरवायला जागा राहत नाही. चिखलात किंवा बर्फात चाक जरा घसरतं आणि हिशेब जुळतो. कोरड्या डांबरावर तो ताण गिअरवर येतो. म्हणून कोरड्या रस्त्यावर टू-व्हील, निसरड्यावर ४एच, आणि अगदी अवघड जागी ४एल.

पाणी गळण्याचंही असंच. रँग्लरचा टप उतरतो, दारं निघतात, समोरची काच बोनेटवर आडवी करता येते. जे निघतं त्याला सांधा असतो आणि सांध्याला रबर. रबर कडक झालं की पाणी आत येतं. म्हणून गाडीच्या फ्लोअरलाच पाणी सोडायची बुचं दिलेली आहेत. काच जवळजवळ उभी, त्यामुळे वाऱ्याचा आवाज मोठा आणि समोरच्या ट्रकने उडवलेला खडा थेट बसतो. जुन्या रँग्लरवाल्याला तडा गेलेली काच नवी नाही. ज्याला उन्हाळ्याच्या संध्याकाळी टप काढून फिरायचं आहे तो हे चालवून घेतो. ज्याला रोज शंभर किलोमीटर हायवेने ऑफिसला जायचं आहे, त्याने ही गाडी घेऊ नये, असं अनुभवी रँग्लरवाले स्वतःच सांगतात.

जिथे सबब चालत नाही

सुरक्षिततेचा विषय निघाला की माझा सूर बदलतो. १९८० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकन टीव्हीवर सीजे-५ ही जुन्या मालिकेतली जीप वळणावर उलटते हे देशाने पाहिलं. आखूड, उंच गाडीत तो धोका अंगभूत होता. पण चाळीस वर्षांनी, २०२० मध्ये, अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने चार दारांच्या रँग्लरची चाचणी घेतली. पुढचा कोपरा अडथळ्यावर आपटला आणि गाडी कुशीवर पडली. पुन्हा घेतली, पुन्हा पडली.

ग्रँड चेरोकीची गोष्ट याहून गंभीर आहे. १९९३ ते २००४ च्या गाड्यांमध्ये पेट्रोलची टाकी मागच्या ॲक्सलच्याही मागे, बंपरजवळ होती. मागून धडक बसली की टाकी फुटून आग लागायची, माणसं मेली. २०१३ मध्ये सरकारी सुरक्षा विभागाने, २००२ ते २००७ ची लिबर्टी ही जीप धरून, सुमारे २७ लाख गाड्या परत बोलवायला सांगितलं. कंपनीने आधी नकार दिला, मग सुमारे १५ लाख गाड्यांना मागे ट्रेलर ओढायचा हुक लावून देऊ, तो धक्का झेलेल, असं कबूल केलं. टाकी होती तिथेच राहिली.

२०१४-१५ च्या ग्रँड चेरोकीमध्ये वेगळाच प्रकार. ऑटोमॅटिक गिअरचा लिव्हर ढकलला की परत मध्यावर यायचा, त्यामुळे गाडी पार्कमध्ये आहे की नाही हे हाताला कळायचं नाही. लोक उतरायचे आणि गाडी घरंगळायची. २०१६ मध्ये कंपनीने याच लिव्हरच्या इतर मॉडेलांसह जगभरात ११ लाख गाड्या परत बोलावल्या. आणि अलीकडे प्लग-इन हायब्रिड रँग्लर व ग्रँड चेरोकीच्या मालकांना कळवावं लागलं, की बॅटरीला आग लागू शकते, गाडी घरापासून लांब उभी करा आणि दुरुस्ती होईपर्यंत चार्ज करू नका.

यातल्या कशाचाही दगड चढण्याशी संबंध नाही. टाकी पुढे घेतली असती, लिव्हर साधा ठेवला असता, तर जीपचं जीपपण कणभरही कमी झालं नसतं. ‘जीप आहे, असंच असतं’ हे वाक्य इथे कुणी वापरलं तर मला राग येतो.

इंजिनांबद्दलची मतंही पिढीगणिक वेगळी आहेत. २००७ ते २०११ च्या रँग्लरमध्ये घरगुती व्हॅनसाठीचं ३.८ लिटरचं इंजिन बसवलं होतं. ताकद कमी आणि तेल पिणारं, असं मालक सांगतात. २०१२ पासून ३.६ लिटरचं पेंटास्टार आलं. ते ताकदवान आहे, पण त्याची ऑइल फिल्टरची प्लॅस्टिकची बैठक तडकून तेल झिरपतं, हे जुन्या गाडीच्या मालकाला माहीत असतं.

आणि मग चेरोकी एक्सजे. १९८३ मध्ये एएमसीने आणलेली ही चौकोनी, साधी गाडी मला सर्वांत महत्त्वाची जीप वाटते. वेगळी चॅसी नाही, सांगाडा आणि बॉडी एकच, म्हणून हलकी. पण पुढेमागे अखंड ॲक्सल, म्हणून अस्सल. १९८७ च्या मॉडेलपासून तिला ४ लिटरचं, एका रांगेत सहा सिलिंडरचं इंजिन मिळालं. फार वेगवान नाही, फार कमी पेट्रोल खाणारंही नाही, पण दोन लाख मैल हे इंजिन सहज काढतं असं मालक अभिमानाने सांगतात. अमेरिकेत २००१ पर्यंत ती बनली, एकूण जवळपास ३० लाख. तिच्याही कुरकुरी आहेत: फ्लोअर गंजतो, छताचं कापड लोंबतं, उन्हाळ्यात इंजिन तापतं, तेलाचे डाग पडतात. शेवटच्या दोन वर्षांच्या गाड्यांमध्ये ०३३१ असा आकडा उमटवलेलं सिलिंडर हेड तडकतं, म्हणून जाणकार आधी बोनेट उघडून तो आकडा शोधतात. पण बहुतेक दुरुस्ती घरच्या घरी, चार पान्यांवर होते. लष्करी जीपचा तो जुना गुण या गाडीत शाबूत होता, म्हणून तिच्याबद्दलची मतं रँग्लरपेक्षाही प्रेमळ आहेत.

जीपवाल्यांची बिरादरीही किंमत टिकवायला मदत करते. समोरून रँग्लर आली की हात करायचा, अशी अमेरिकेत रीत आहे. २०२० मध्ये कॅनडात एकीने अनोळखी जीपवर रबरी बदक ठेवलं आणि आता अमेरिकाभर रँग्लरच्या डॅशबोर्डवर बदकांच्या रांगा दिसतात. ऐकायला पोरकट वाटेल, पण भाग कुठला घ्यायचा, कुठला मेकॅनिक फसवत नाही, ही माहिती याच ओळखीतून फिरते.

माझगाव ते रांजणगाव

आपल्याकडे जीप आली ती महिंद्रांमुळे. के. सी. महिंद्रा युद्धकाळात अमेरिकेत होते आणि विलीजचं इंजिन घडवणारे बार्नी रूस यांच्याशी त्यांची गाठ पडली. १९४० चं दशक संपता संपता मुंबईत माझगावला विलीज जीपांची जुळणी होऊ लागली. अमेरिकेत मॉडेलं बदलत गेली; आपल्याकडे १९५३ ची उंच बोनेटची सीजे-३बी कितीतरी दशकं बनत राहिली. पुढे तिच्यात प्यूजोच्या परवान्याचं डिझेल इंजिन आलं. पोलीस, तहसीलदार, वनखातं, लष्कर, आणि पश्चिम महाराष्ट्रातलं वडाप, सगळीकडे हाच वंश धावला. नाशिकला बनणारी थार याच घराण्यातली.

म्हणूनच महिंद्राने २०१८ मध्ये मिशिगनमध्ये रॉक्सर ही छोटी गाडी विकायला काढली तेव्हा जीपचे तेव्हाचे मालक फियाट-क्रायस्लर यांनी रूप चोरल्याची तक्रार केली. २०२० मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने त्या मूळ रूपातल्या रॉक्सरला मनाई केली आणि महिंद्राला पुढची जाळी वगैरे बदलून नवं रूप आणावं लागलं. कायद्याच्या बाजूने निकाल समजण्यासारखा आहे. पण सत्तर वर्षं परवान्याने ते रूप जपणाऱ्या कंपनीला ते परकं ठरवलं गेलं, हे मला खटकलं. बँटमची आठवण झाली.

जीप हा ब्रँड स्वतः भारतात २०१६ मध्ये आला आणि २०१७ पासून पुण्याजवळ रांजणगावला कंपास बनू लागली. तिथून उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाड्या परदेशीही गेल्या. कंपास वेगळ्या जातीची आहे: वेगळी चॅसी नाही, चारही चाकं स्वतंत्र. त्यामुळे तिच्या मालकांची मतंही वेगळी. दार लावल्यावरचा दणकट आवाज, एक्स्प्रेसवेवर वेगातही जमिनीला धरून चालणं, खराब रस्त्यावर न आदळणं, याचं कौतुक होतं. मागची सीट तिघांना अडचणीची, सर्व्हिस सेंटर मोजकी, सुटे भाग महाग, या तक्रारी असतात. अखंड ॲक्सलची गाऱ्हाणी इथे नाहीत आणि दगड चढायची ती ताकदही नाही.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींपैकी कुणी जुनी रँग्लर घ्यायचा विचार करत असेल, तर रंग आणि सीट पाहण्याआधी गाडीखाली आडवं व्हा. ट्रॅक बारचं बुश पाहा. एकाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि सांध्यांत प्ले दिसतो का ते पाहा. फ्लोअरची मॅट उचलून गंज तपासा. गाडीच्या चॅसी नंबरवरून कोणते रिकॉल, म्हणजे कंपनीने परत बोलावून करायच्या दुरुस्त्या, बाकी आहेत हे सरकारी संकेतस्थळावर फुकट कळतं. आणि विकणारा कौतुकाने सांगू लागला की गाडी चार इंच उंच केली आहे, ३७ इंची टायर आहेत, तर ते काम कुणी केलं आणि त्यानंतर पुढच्या चाकांचे कोन पुन्हा जुळवले का, हे विचारल्याशिवाय किमतीवर बोलू नका.